आठव्या फेरीतलं नाव

माझ्याकडे एकतीस मुलांची यादी होती आणि तिच्यातून एकाचं नाव द्यायचं होतं. उंची, वजन, चाळीस यार्ड पळायला लागलेला वेळ, जुन्या दुखापती, सगळं मला पाठ झालं होतं. ज्या बेसमेंटमध्ये मी खोली घेतली होती तिथे कॉलेजच्या दोन मुली राहायच्या, एक नागपूरची, एक सांगलीची. मी किचनच्या टेबलावर कागद पसरले की विचारायच्या, "काकू, आज किती स्थळं बघितली?" नागपूरची तर एकदा म्हणाली, "एखादा उंच असेल तर आमच्यासाठी ठेवा हो बाजूला. पत्रिका नाही बघत आम्ही." एरवी मी हसले असते. त्या दिवसांत मला हसू येत नव्हतं.

हे २०१७ सालचं. त्याआधी मी अकरा महिने घरी होते. कॅनडात, विंडसरला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका प्लांटमध्ये मी क्वालिटीत होते. त्याआधी भोसरीत, तेच काम. एका वर्षी आमची लाइन मेक्सिकोला गेली, मशिनं ट्रकवर चढली आणि आम्ही पार्किंग लॉटमध्ये उभं राहून ती बघितली. माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस होतं. किती ठिकाणी अप्लाय केलं ते मी मोजत होते, मग मोजणं सोडलं. इंटरव्ह्यूला बोलवायचे, माझ्या मुलीच्या वयाचं कुणीतरी समोर बसायचं आणि विचारायचं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता. नवऱ्याच्या शिफ्ट आठवड्यात तीनवर आल्या होत्या. तो म्हणायला लागला होता की घर विकू आणि पुण्याला परत जाऊ. मुलगी अकरावीत होती. तिने एकदाच सांगितलं, "आय ॲम नॉट गोइंग," आणि खोलीचं दार लावून घेतलं.

अशा वेळी एजन्सीने सहा महिन्यांचं एक कॉन्ट्रॅक्ट दिलं. चार तासांवरच्या शहरातला फुटबॉलचा क्लब. आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन धडका मारायचा तो. मला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांना खेळ कळणारी माणसं नकोच होती, ती त्यांच्याकडे होती. त्यांना हवं होतं मॅचच्या व्हिडिओचे तुकडे करून नावानिशी लावणारं आणि चाचण्यांचे आकडे तपासणारं कुणीतरी. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की एका ठिकाणच्या चाचणीत सगळीच मुलं जरा जास्त वेगाने पळालेली दिसतायत. घड्याळ उशिरा सुरू होत होतं. मी तसं लिहून दिलं. त्यानंतर आमचे मुख्य स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, माझ्या टेबलाशी येऊन बसायला लागले. साठी उलटलेले गृहस्थ, गुडघे गेलेले, बोलताना समोरच्याकडे न बघता स्क्रीनकडे बघणारे.

एप्रिलमध्ये त्यांनी मला ती यादी दिली. दर वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला सगळे संघ विद्यापीठांतली मुलं आळीपाळीने निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याच्या आठ फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांतली मुलं टीव्हीवर दिसतात. आठवी येते तोवर खोलीतला पिझ्झा गार झालेला असतो आणि निम्मे लोक फोनमध्ये. स्काउट म्हणाले की आठव्या फेरीचं नाव या वर्षी तुम्ही द्या. वर ऑफिसात एक पर्मनंट जागा मंजूर झाली होती. तुम्ही निवडलेला मुलगा सरावाच्या कॅम्पला आला आणि पहिल्या कपातीत टिकला तर मी वर जाऊन बोलेन, नाहीतर जूनअखेर कॉन्ट्रॅक्ट संपतंच आहे. एवढं बोलून ते कॉफी आणायला गेले. मी यादी हातात घेऊन बसून राहिले. माझं पुढचं सगळं त्या कागदावरच्या कुठल्यातरी एका पोरावर येऊन ठेपलं होतं आणि ते पोर कुठल्यातरी जिममध्ये वजनं उचलत होतं.

मी कामाला लागले ते मला येत होतं त्याच पद्धतीने. प्लांटमध्ये गेज असतं. भाग त्यात बसला तर पास, नाही बसला तर लाल डब्यात. वीस वर्षं मी तेच केलं होतं. इथेही मी प्रत्येक मुलाचे दोष काढत गेले. याचा खांदा दोनदा निखळलाय, लाल डबा. हा चौथ्या क्वार्टरमध्ये दमतो, लाल डबा. याच्या हातातून चेंडू सुटतो, लाल डबा. दोन आठवड्यांत एकतीसमधला एक उरला. एका लहान विद्यापीठातला बचावपटू. कुठलीच दुखापत नाही, अभ्यासात चांगला, सगळे आकडे मधले. मला फार बरं वाटलं. मी दोन पानी रिपोर्ट टाइप केला आणि स्काउटच्या टेबलावर नेऊन ठेवला.

त्यांनी तो वाचला. म्हणाले, "या मुलात वाईट काय नाही ते तुम्ही छान लिहिलंय. चांगलं काय आहे?"

मी रिपोर्टमधलं वाक्य दाखवायला गेले आणि तसं वाक्य त्यात नव्हतं.

मग त्यांनी स्क्रीनकडे बघत मला समजावलं. ज्यांच्यात दोष नाही आणि गुण आहेत ती मुलं दुसऱ्या फेरीतच जातात. आठव्यात उरतात ती सगळी दोषवालीच. तिथे दोष बघायचेच नसतात. एखादी गोष्ट, एकच, जी हा पोरगा आपल्याकडच्या कुणाहूनही चांगली करतो, ती बघायची. ती सापडली की बाकी सगळं माफ करायचं. तुम्ही उलटं केलंय, म्हणाले. रागावले नव्हते.  ड्राफ्टला तेरा दिवस उरले होते आणि मी तीस मुलांना चुकीच्या कारणासाठी टाकून दिलं होतं.

मी लाल डबा उलटा केला. पुन्हा पहिल्यापासून व्हिडिओ. या वेळी दोष दिसला की मी मुद्दाम दुसरीकडे बघायचे, आणि हे किती कठीण असतं ते क्वालिटीवाल्यालाच कळेल. चौथ्या दिवशी मला तो सापडला. ज्याच्या हातातून चेंडू सुटतो म्हणून मी अर्ध्या तासात काढून टाकला होता, तोच. चेंडू त्याच्या हातातून खरंच सुटायचा, पाहवत नसे. पण त्याचा संघ चेंडू लांब लाथाडायचा आणि मग सगळे तो झेलणाऱ्या समोरच्या माणसाला अडवायला मैदानभर धावत सुटायचे, तेव्हा हा दर वेळी पहिला पोचायचा. स्कोअर किती का असेना. आठ मॅचचे ते सगळे तुकडे मी एकापुढे एक लावले. संघ चाळीस गुणांनी हरत असतानाही हा पहिला. त्याला कुणी आडवा पाडला तर उठून दुसरा किंवा तिसरा. चौथा कधीच नाही.

स्काउटनी सगळे तुकडे शेवटपर्यंत बघितले. मग म्हणाले, "हा." आणि लगेच पुढे, "पण येईल का?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. या फेरीतल्या मुलांना कॅम्पमधून बहुतेक वेळा परत पाठवतात हे त्या मुलांनाही ठाऊक असतं. कुणाला नोकरी लागलेली असते, कुणाचं लग्न ठरलेलं असतं. निवडायचं आणि तो यायचाच नाही, म्हणजे फेरी वाया. स्काउटनी मला ग्वेल्फ नावाच्या शहरात पाठवलं. त्याचं घर तिथे होतं. म्हणाले, फोनवर सगळेच हो म्हणतात, घरी जाऊन बघून या.

बेसमेंटमध्ये हे कळल्यावर सांगलीची म्हणाली, "म्हणजे आता बघण्याचा कार्यक्रम. काकू, पोहे मागून घ्या." खरं सांगायचं तर मी तशीच गेले. माझ्या दोन नणंदांची आणि एका भाचीची स्थळं मी बघितलेली आहेत. घरात शिरल्यावर कुठे बघायचं, काय विचारायचं आणि कुणाकडून काढून घ्यायचं ते मला माहीत आहे. टाउनहाउसच्या रांगेतलं घर होतं. दाराशी बर्फाचं फावडं अजून तसंच. आई मांस पॅक करणाऱ्या प्लांटमध्ये शिफ्टला जायची, वडील गेलेले. सोफ्यावर बसल्यावर पोरगा व्हिडिओतल्यापेक्षा लहान वाटला. गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, माझ्याकडे बघत होता आणि दर वाक्याला मॅम म्हणत होता.

मी विचारत गेले आणि दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं. शहराच्या अग्निशमन दलात त्याची निवड झाली होती. तिसऱ्यांदा अर्ज केल्यावर. प्रशिक्षणाची तुकडी ज्या सोमवारी सुरू होणार होती त्याच्या आदल्या दिवशी आमचा कॅम्प सुरू होत होता. तुकडी चुकली तर जागा दुसऱ्याला. कायमची नोकरी, पेन्शन, आईचा सगळा औषधोपचार. हे सांगताना त्याचा आवाज सपाट होता. मग मी त्याला ते आठ मॅचचे तुकडे दाखवले, आणि तो पुढे सरकून बसला. तो म्हणाला, हे कधी कुणी बघितलंय असं मला वाटलं नव्हतं. आमचे कोचसुद्धा चेंडू सुटल्याबद्दलच बोलायचे.

आई किचनमध्ये भांडी घासत होती. 

तो म्हणाला, "मॅम, तुम्ही आकड्यांवाल्या आहात. मला खरं सांगा. मी टिकेन का?"

मी म्हणाले, सांगता येत नाही. आठव्या फेरीतले बहुतेक टिकत नाहीत. तू टिकशील असं मला वाटतं, पण ते वाटणं आहे.

"तुमचा मुलगा असतो तर काय सांगितलं असतं?"

मी तिथे कशाला गेले होते ते मला नीट माहीत होतं. घर विकायचं की नाही, मुलीची शाळा, आणखी एखाद्या पोराने मला पाच वर्षांनंतरचं विचारायचं की नाही, ते सगळं त्या सोफ्यावर बसलं होतं. मला फक्त म्हणायचं होतं, ये, एकदा बघ. पुष्कळ लोकांनी तेवढं म्हटलं असतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण मी ज्या घरात वाढले तिथे पेन्शनवाली नोकरी सोडून धावायला निघालेल्या मुलाला कुणी ये म्हणत नाही. आमच्याकडे कुणीही, शेजारच्या काकूसुद्धा, एकच उत्तर देतात. ते माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा मी ते अडवायचा विचारही करू शकले नव्हते.

"दलात जा," मी म्हणाले. "आधी नोकरी."

किचनमधला नळ बंद झाला.

त्याने मान डोलावली. म्हणाला, विचार करतो, मॅम. पण मला यायचंय. दारापर्यंत सोडायला आई आली. तिने माझा हात धरला, दाबला आणि सोडला. गाडीत बसल्यावर मी स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून स्वतःला मराठीत जे काही म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट द्यायचा होता. त्यात एक रकाना होता, कॅम्पला येईल का. वीस वर्षांत मी चुकीच्या मापावर सही केली नव्हती. भोसरीत एकदा मालकाचा मेहुणा टेबलाशी येऊन उभा राहिला होता, तरी केली नव्हती. एखादं दुसरं नाव देता येईल का म्हणून मी पुन्हा तीस मुलांवरून फिरले. एकही तसा पहिला पोचणारा नव्हता. रकान्यासमोर बसून मी 'विचार करतो' आणि 'यायचंय' हे त्याचे दोन शब्द वेगवेगळे करून बघत राहिले. मग लिहिलं, येईल. दलाचा उल्लेख केला नाही.

त्या शनिवारी मी घरी गेले. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो गाडीचे विंटर टायर काढत होता. नट गोळा करत म्हणाला, "अगं, तूच त्याला जाऊ नको म्हणालीस, आणि तूच तो येणार म्हणून लिहिलंस?"

"हो."

"मग आता देवाकडे काय मागायचं ते तरी ठरव."

मला राग आला, कारण मी ते ठरवू शकत नव्हते. पुढचे आठ दिवस मी रोज सकाळी उठले की पहिल्यांदा वाटायचं, त्याने माझं ऐकू नये. चहा होईपर्यंत त्याच्या आईचा हात आठवायचा.

ड्राफ्टच्या दिवशी आठव्या फेरीत स्काउटनी माझा रिपोर्ट एकदा बघितला आणि फोनमध्ये त्याचं नाव सांगितलं. मग त्याला फोन लावला, स्पीकरवर. मागे बरीच माणसं ओरडत होती, कुणीतरी रडत होतं. तो यस सर, यस सर म्हणत होता. स्काउट म्हणाले, भेटू मग रविवारी. तो म्हणाला, यस सर. मला इतकं हलकं वाटलं की मी गार पिझ्झ्याचे दोन तुकडे खाल्ले. रात्री बेसमेंटमध्ये मुलींनी माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली. लग्न ठरल्याचं जेवण, काकू, म्हणाल्या. त्या वेळी मी हसले.

मधल्या दिवसांत मी त्याला फोन केला नाही. करायला हवा होता. एक फोन करून मी विचारू शकले असते आणि तो येत नसेल तर वेळेवर सांगू शकले असते. मला उत्तर नको होतं. मी त्याच्या नावाची व्हिडिओची फोल्डरं नीट लावली, त्याच्या मापाचं हेल्मेट आलंय की नाही ते दोनदा जाऊन बघितलं.

कॅम्पच्या रविवारी दुपारी दोनपर्यंत खेळाडूंनी डॉर्ममध्ये नोंद करायची होती. मी नोंदणीच्या टेबलाशी उभी होते, तिथे माझं काही काम नव्हतं. मुलं येत होती, बॅगा टाकत होती, किल्ल्या घेऊन जात होती. दोन वाजले, अडीच झाले. किल्लीचं एक पाकीट उरलं. टेबलावरच्या पोरीने त्यावरचं नाव वाचून दाखवलं, जसं काही मला ते दिसत नव्हतं. स्काउट म्हणाले, हायवेवर ट्रॅफिक असेल. संध्याकाळपर्यंत त्यांनी तीनदा फोन लावला, त्याने उचलला नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन माझ्या नंबरवर आला. मी पार्किंग लॉटमध्ये गेले. तो म्हणाला, सकाळी दलात हजर झालो, मॅम. त्याच्या मागे पाण्याचा आवाज येत होता, पाइप धुत असावेत. सर फोन करत होते, पण त्यांच्याशी बोलायची हिंमत झाली नाही. शनिवारी बॅग भरली होती. रविवारी सकाळी गाडीत ठेवलीसुद्धा होती.

मग म्हणाला, "तुम्ही सांगितलंत ते बरोबरच होतं ना?"

मी गाड्यांच्या रांगेच्या टोकापर्यंत चालत गेले तोवर त्याने पुन्हा विचारलं. त्याचा आवाज आता सपाट नव्हता. त्याला वाटलं असावं की मी रागावले. तो धावायला निघालेला मुलगा होता आणि त्याला थांबवलं होतं मी. निदान ते बरोबर होतं एवढं तरी त्याला माझ्याकडून ऐकायचं होतं.

"बरोबर होतं," मी म्हणाले. "आता जा. पहिल्या दिवशी फोनवर दिसू नकोस."

मी तशीच स्काउटच्या खोलीत गेले. ते त्या मुलाच्या जागी कुणाला घ्यायचं ते बघत होते. मी उभ्यानेच सांगितलं. तो आला नाही कारण त्याला दलात नोकरी आहे. हे मला एप्रिलपासून माहीत होतं. त्याला तिकडे जायला मीच सांगितलं. रिपोर्टमध्ये मी खोटं लिहिलं.

पहिल्यांदाच ते स्क्रीन सोडून माझ्याकडे बघत होते. त्यांनी ड्रॉवरमधून माझा रिपोर्ट काढला, त्या रकान्यापर्यंत वाचला आणि टेबलावर ठेवला.

"तुम्ही त्याला जे सांगितलंत ते मला चाललं असतं," ते म्हणाले. "मीही कदाचित तेच सांगितलं असतं. पण मग तुम्ही मला सांगायचं होतं."

"हो."

"दुसरं नाव घेतलं असतं आपण. तुमच्या यादीतलंच."

मी म्हणाले की दुसरं नाव चांगलं नव्हतं. ते म्हणाले, तेही मला सांगायचं होतं.

जूनअखेरपर्यंत थांबायची गरज नाही असं त्यांनी शेवटी सांगितलं. आवाज चढवला नाही. पुढच्या वर्षी कुणाला हे काम द्यायचं झालं तर पद्धत लिहून ठेवा म्हणाले, म्हणून मी दोन तास बसून ती लिहिली: दोष बघू नका, एक गोष्ट शोधा, मग घरी जाऊन विचारा. चौथी ओळ मी दोनदा लिहिली आणि दोनदा खोडली. मग कार्ड, किल्ली आणि लॅपटॉप त्यांच्या टेबलावर ठेवला. चार्जर राहिला होता, तो परत जाऊन आणला.

संध्याकाळी सामान गाडीत भरताना सांगलीची मुलगी कुकर घेऊन बाहेर आली. मी तो त्यांनाच ठेवायला सांगितलं. तिने विचारलं, काकू, त्या मुलाचं काय झालं? मी सांगितलं, नोकरी लागली त्याला, चांगली आहे. मग नवऱ्याला फोन केला की मी निघतेय, आणि घरासाठी एजंटला यायला सांगायचं असेल तर सांग, पण मुलीला मी आल्यावर सांगेन.